तलवारीआधी भात

नवी मुंबईतल्या बेलपाड्याच्या सातवी ते दहावीच्या मुलांना मी संध्याकाळी जुन्या जपानात घडणारी एक अद्भुत साहसकथा सांगते, आणि सांगता सांगता लिहितेही. किशोरांसाठी असं काही लिहू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, ते इथे मांडते.

१. आधी भात, मग तलवार. जपानी सरदाराची, म्हणजे दाइम्योची, ऐपत कोकूत मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे १५० किलो तांदूळ, एका माणसाची वर्षभराची बेगमी. १०,००० कोकूंचा मुलूख असेल तो दाइम्यो. सामुराईचा पगारसुद्धा तांदळातच. सिडको शहर वसवायला येण्याआधी या भागात भातशेतीच होती, खंडीचं माप घरोघरी चालायचं. त्यामुळे हे ऐकताना आगरी घरांतली मुलं लगेच हिशेब करू लागतात. किल्ल्यातली शिबंदी किती, तिला भात किती, तो पिकवणार कोण? कथेला तिथून वेग येतो.

२. सरंजामशाही समजावून सांगत बसू नका, खोताचं नाव घ्या. आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप पुकारला. जमिनी पडीक ठेवल्या, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण १९३९ पर्यंत माघार घेतली नाही. भारताच्या इतिहासातलं हे केवढं मोठं धैर्य, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला जागा किती थोडी! जपानात साकुरा सोगोरो या गावप्रमुखाची कथा सांगतात. जाचक सारा कमी व्हावा म्हणून त्याने थेट शोगुनपुढे, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशापुढे, अर्ज केला आणि त्यापायी जीव गमावला. माझ्या नायिकेचा बाप याच जातकुळीचा आहे. चरीची गोष्ट आधी सांगितली की तो मुलांना परका वाटत नाही.

३. हत्यार कोणाच्या हाती, हे आधी ठरवा. १५८८ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडच्या तलवारी जप्त करवल्या. त्यानंतरच्या काळात शेतकऱ्याच्या पोरीने तलवार उचलली, की ती तिथेच गुन्हेगार ठरते. एवढ्या एका गोष्टीवर चार प्रकरणं उभी राहतात.

४. जादूला नियम हवा. जपानी लोककथांतल्या नद्यांत कप्पा नावाचा जलराक्षस राहतो. त्याच्या डोक्यावरच्या खळग्यात पाणी असतं आणि त्यातच त्याचं बळ. तो माणसं पाण्यात ओढतो, पण रीतभातीला पक्का. तुम्ही वाकून नमस्कार केलात की त्यालाही वाकावं लागतं, पाणी सांडतं आणि तो दुबळा होतो. त्याची आवड काकडी. म्हणून घरच्यांची नावं कोरलेल्या काकड्या नदीत सोडायची चाल होती. शेजारचा पांडवकडा धबधबा पावसाळ्यात किती धोक्याचा असतो आणि तिथे जायला बंदी का घालतात, हे इथल्या मुलांना माहीत आहे. पाण्याची भीती त्यांना शिकवावी लागत नाही. कप्प्याचं ऐकून आठवीतली एक मुलगी म्हणाली, “आणि तो उद्धट असला तर? वाकलाच नाही तर?” नियम पक्का होता म्हणूनच हा प्रश्न सुचला. आता माझ्या कथेत असा एक कप्पा आहे. त्याच्याच जातभाईंनी त्याला वाळीत टाकलंय, आणि त्याच्याशी लढायचं कसं हे कुणालाच ठाऊक नाही.

५. किल्ला पायांनी बघा. मुलांना कर्नाळा किल्ल्यावर नेलं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत आला. त्याच शतकात, १६०३ मध्ये, क्योतोत निजो किल्ला उभा राहिला. तिथल्या दालनांबाहेरच्या लाकडी जमिनीवर पाऊल पडलं की फळ्यांखालचे खिळे नि पट्ट्या घासून पाखरागत आवाज येतो. कर्नाळ्याच्या सुळक्याखाली बसून मुलांनी वाद घातला, की नायिकेने अशी जमीन आवाज ऐकू न जाता ओलांडायची कशी. अनवाणी, रांगत, भिंतीला धरून, सगळं सुचवून झालं. शेवटी कोकणातल्या पोरांना सुचावं तेच ठरलं. छपरावर आषाढाचा पाऊस कोसळत असेल आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसेल, अशा रात्रीच तिने आत शिरायचं.