खुब्याचे हाड

म्हातारे माणूस घसरून पडते. त्याला उठता येत नाही. घरचे म्हणतात, "मुका मार आहे, तेल चोळा, उतरेल." आठ दिवस जातात, पण पाय काही जमिनीला टेकवत नाही. अशा वेळी पुष्कळदा खुब्याचे हाड मोडलेले असते.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते. हाच खुबा. गोळ्याच्या खाली हाड निमुळते असते. उतारवयात हाडे ठिसूळ होतात. पाळी गेल्यावर बायकांची हाडे तर फार लवकर झिजतात. मग झाडावरून पडायला नको, उभ्या जागी पडले तरी पुरते.

पूर्वी असे एवढे ऐकू येत नव्हते. का बरे? पूर्वी माणसे इतकी जगतच नव्हती. १९६१ च्या खानेसुमारीत देशात साठीच्या वरची माणसे अडीच कोटींच्या आसपास होती. २०११ साली ती दहा कोटींच्या वर गेली. म्हातारी माणसे वाढली, तशी मोडलेली हाडेही वाढली.

आमचे घाटकोपरच घ्या. असल्फाच्या डोंगरावर दाटीने घरे आहेत. पायऱ्या उभ्या आणि अरुंद. वस्तीत पुष्कळांना संडासला घराबाहेर जावे लागते. रात्री म्हातारी उठते. चष्मा सापडत नाही, मोरी ओली, लुगड्याचा काठ पायात येतो. तुमच्या गावी डोंगर नसेल, पण उंच उंबरठा आहे, शेवाळलेले अंगण आहे, परसाकडची अंधारी वाट आहे. तेव्हा दिवा हाताशी ठेवा. मोरीत धरायला दांडा बसवा. याला खर्च तो किती!

हे नशिबाचे भोग नव्हेत. अमेरिकेत १९९५ नंतरच्या दहा वर्षांत म्हाताऱ्यांचे खुबे मोडण्याचे प्रमाण कमी झाले.

आम्हांला राग येतो तो एका बोलण्याचा. "आता वय झाले, कशाला कापाकापी?" असे म्हणून आजीला खाटेवर ठेवतात. पडून पडून छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. माणूस पडल्याने मरत नाही, पडून राहिल्याने मरते.

मोडलेला पाय बहुधा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळते. नेहमीच असे दिसेल असे नाही. पाय ओढू नका, चोळू नका. माणसाला आडवेच ठेवून १०८ नंबरला फोन करा. गाडी फुकट येते. घाटकोपरला राजावाडीचे महापालिकेचे रुग्णालय आहे, तुमच्याकडे जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय असेल. फोटो काढला की मोड कळते. शस्त्रक्रिया होईल तितकी लवकर, एक-दोन दिवसांत झाली तर उत्तम. सळई घालतात किंवा नवा गोळा बसवतात. पुष्कळांना दुसऱ्याच दिवशी धरून उभे करतात. आजी कण्हेल, नको म्हणेल, तरी तिला उभे राहू द्या.

एक खुबा मोडला की दुसरा मोडण्याची भीती वाढते. म्हणून घरी नेण्याआधी हाडे बळकट करण्याच्या औषधांचे डॉक्टरांना विचारून घ्या.