दक्षिण आफ्रिकेत शिकायला जाताना : ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांसाठी

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडील देशांत, म्हणजे प्रामुख्याने दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकात आणि त्याखालोखाल बोट्स्वाना व नामिबियात, शिक्षणासाठी जाऊ पाहणाऱ्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांना तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून जो सल्ला मिळतो, त्यात वन्यप्राण्यांचा किंवा गुन्हेगारीचा विषय बराच उशिरा निघतो. आधी निघतो तो वेळापत्रकाचा आणि कागदपत्रांचा. ही कुटुंबे बहुतांशी 1994 नंतर, म्हणजे वर्णभेदी राजवट संपल्यावर, नोकरीनिमित्त गेलेली आहेत. मात्र मराठी मुलखाचा त्या भूमीशी संबंध त्याहून जुना आहे. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनमध्ये वस्ती करून राहिले, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1912 मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून तेथील हिंदी लोकांची स्थिती पाहण्यासाठी दौरा केला होता.

दक्षिण आफ्रिकेतील शैक्षणिक वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपते. बारावीचा किंवा पदवीचा निकाल मे ते जुलै या काळात हाती येतो, तेव्हा तेथील वर्ष अर्ध्यावर आलेले असते; पुढील वर्षाच्या प्रवेशाचे अर्ज साधारणतः एप्रिल-मेमध्ये खुले होतात आणि अनेक विद्यापीठांत जुलै ते सप्टेंबरदरम्यान त्यांची मुदत संपते. त्यामुळे निकालाची वाट पाहत बसणाऱ्याचे एक संपूर्ण वर्ष जाते, तर शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीच्या गुणपत्रिकांवर अर्ज करणाऱ्याला प्रवेश आणि प्रस्थान यांच्या मध्ये सहा महिने मोकळे मिळतात. पालकांना हा काळ फुकट गेल्यासारखा वाटतो, परंतु खाली सांगितलेली कामे पाहता तो पुरला तरी पुष्कळ झाले.

दुसरा घोळ पदव्यांच्या रचनेचा आहे. तेथे तीन वर्षांच्या पदवीनंतर ‘ऑनर्स’ नावाची एक वर्षाची स्वतंत्र पदवी असते आणि ती झाल्यावरच मास्टर्सला प्रवेश मिळतो. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीतील बीएस्सी ऑनर्स म्हणजे विशेष विषयासह घेतलेली पदवी, तिच्याशी याची गल्लत करू नये. डोंबिवलीच्या पेंढरकर किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातून तीन वर्षांची बीएस्सी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याने म्हणून आपला अभ्यासक्रम एका वर्षाने लांबणार हे गृहीत धरावे; चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीधराला ही पायरी सहसा लागत नाही. परदेशी पदवी तेथील चौकटीत कोणत्या पातळीवर बसते हे ठरवण्याचे काम ‘साक्वा’ या संक्षेपाने ओळखले जाणारे राष्ट्रीय अर्हता प्राधिकरण करते. बारावीनंतर थेट पदवीला जाणाऱ्यांना याखेरीज विद्यापीठांच्या संयुक्त संस्थेकडून मॅट्रिक-समकक्षतेची सूट घ्यावी लागते. मॅट्रिक म्हणजे तेथील बारावी.

कोणत्या विषयासाठी जावे, याबाबत जुनी कुटुंबे स्पष्ट बोलतात, आणि त्यांचे बोलणे पटण्यासारखे आहे. युरोप-अमेरिकेपेक्षा स्वस्त, एवढ्या एका कारणाने तेथे जाणे शहाणपणाचे नाही. सदर्न आफ्रिकन डेव्हलपमेंट कम्युनिटी, म्हणजे त्या भागातील सोळा देशांचा संघ, याच्या सदस्य देशांतील विद्यार्थ्यांना मिळणारी शुल्कसवलत भारतीयांना मिळत नाही. अभ्यास व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते खरे, पण जेथे बेकारीचा अधिकृत दर तीस टक्क्यांच्या वर आहे तेथे हॉटेलात काम करून खर्च भागवण्याचे गणित मांडू नये. जेथे तो देश खरोखर पुढे आहे तेच विषय घ्यावेत : जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातील खाणशास्त्र आणि पुरामानवशास्त्र, वन्यजीव व्यवस्थापन, आणि खगोलशास्त्र. यांतील शेवटचा विषय महाराष्ट्राला विशेष जवळचा आहे. सदरलँड येथील ‘सॉल्ट’ ही मोठी दुर्बीण 2005 मध्ये कार्यान्वित झाली आणि तिच्या भागीदारांत पुण्याची आयुका ही संस्था आहे. कारू या ओसाड पठारावर ‘मीरकॅट’ या रेडिओ दुर्बिणीच्या 64 तबकड्या उभ्या आहेत, आणि त्या ज्या ‘एसकेए’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भाग होत आहेत त्यातील भारताच्या सहभागाची धुरा नारायणगावजवळील खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडे आहे. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला केपटाउनची वाट वाटते तितकी आडवळणाची नाही, ती अशी.

कागदपत्रांत सर्वांत अधिक त्रास देणारी गोष्ट क्षुल्लक दिसते, ती म्हणजे नाव. महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव येते व आईचे नाव वेगळ्या ओळीत असते; विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव कधी त्याच ओळीत चौथे म्हणून जोडलेले असते; पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात वडिलांचे नावही असते. परदेशातील लिपिकासमोर ही तीन कागदांवरची तीन वेगळी माणसे ठरतात. यावर उपाय असा की विद्यापीठाचा अर्ज अक्षरशः पासपोर्टवरील नावाने भरावा आणि सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जवळ ठेवावे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यांना आईवडिलांची संमती आणि दोघांचीही नावे असलेला जन्मदाखला लागतो. महापालिकेच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असणे नवे नाही, तेव्हा तो दाखला आधी उघडून पाहावा.

पोलीस पडताळणीचा दाखला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्राकडून मागता येतो. तो, तसेच वैद्यकीय अहवाल, व्हिसाच्या अर्जावेळी सहा महिन्यांहून जुना चालत नाही, म्हणून फार लवकर काढण्यातही अर्थ नसतो. आर्थिक क्षमतेचे पुरावे आणि प्रवेशपत्र यांसोबत वैद्यकीय संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो, आणि येथे पुष्कळजण फसतात : ठाण्यातील विमा प्रतिनिधीने दिलेला परदेश-प्रवास विमा त्यासाठी ग्राह्य नसून दक्षिण आफ्रिकेच्या 1998 च्या कायद्याखाली नोंदलेल्या वैद्यकीय योजनेचे सभासदत्व आवश्यक असते, आणि त्याची वर्गणी सहसा वर्षभराची आगाऊ भरावी लागते.

भारतातून येणाऱ्याला पीतज्वराची लस लागत नाही, परंतु स्वस्त तिकिटे अनेकदा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात, आणि तेथील विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबल्यास किंवा विमानतळाबाहेर पडल्यास लसीचा दाखला मागितला जातो. परतताना भारतीय विमानतळावरही याची चौकशी होते. लस केवळ शासनमान्य केंद्रांतच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो.

सामानात काय घ्यावे, याची यादी प्रत्येक घरात वेगळी. तरी भारतीय फ्रिजला वा गिझरला असतो तसा मोठा तीन गोल पिनांचा प्लग तेथे नेहमीच्या वापरात आहे, त्यामुळे महागडे अडॅप्टर घेण्याऐवजी डोंबिवलीतल्या कोणत्याही विजेच्या दुकानातून तसे प्लग लावलेले दोन एक्स्टेन्शन बोर्ड करून नेले तरी काम भागते. कुकर न्यायचा असेल तर तो विजेच्या सपाट शेगडीवर बसणाऱ्या जाड बुडाचा असावा, कारण वसतिगृहांत गॅस क्वचितच असतो. डाळी-मसाले जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग आणि दरबानच्या चॅट्सवर्थ भागातील दुकानांत मिळतात. गोडा मसाला मात्र न्यावा. लोडशेडिंग 2023 मध्ये तेथे कमालीचे वाढले होते आणि त्यानंतर बरेच ओसरले, तरी चार्जिंगचा दिवा जवळ असावा. जोहान्सबर्ग सुमारे 1,750 मीटर उंचीवर आहे, जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या आसपास येतो आणि घरे उबदार ठेवण्याची सोय फारशी नसते, तेव्हा स्वेटरपेक्षा चांगली रजई महत्त्वाची.

सुरक्षिततेबाबत अतिशयोक्ती आणि बेफिकिरी ही दोन्ही टाळावीत. शेवटच्या लोकलने उतरून डोंबिवलीच्या फडके रोडवरून घरी चालत जाणे ज्याला मुळीच वावगे वाटत नाही, त्याला अंधार पडल्यावर पायी न हिंडण्याची शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो. ती मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी, रस्त्यात मोबाइल हातात धरू नये आणि विद्यापीठाच्या बसगाड्यांच्या सोयीजवळच खोली पाहावी. पत्ता विचारताना कोणी ‘रोबो’पाशी वळायला सांगितले तर तो सिग्नल समजावा. वेळ भारताच्या साडेतीन तास मागे आहे, त्यामुळे घरचा फोन रात्री जेवणानंतर सोयीचा पडतो.

तेथील विद्यापीठे आणि बरीच कार्यालये डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंद असतात आणि अभ्यास व्हिसाला काही आठवडे सहज लागतात. तेव्हा ज्याचे वर्ग फेब्रुवारीत सुरू होणार आहेत, त्याने आपल्या हातातले सर्व कागद दिवाळीपर्यंत पुरे करावेत आणि प्रवेशपत्र आल्याच्या आठवड्यातच अर्ज दाखल करावा.