तुकडे जोडताना : संगणकावरील भूमितीचा एक धडा



विठ्ठलवाडी स्थानकात गाडीची वाट पाहताना रुळांकडे जरा निरखून पाहावे. रुळाचे तुकडे दोन रीतींनी जोडतात. एका रीतीत फिशप्लेट लावून बोल्ट आवळतात; तुकडे वेगळेच राहतात व प्रसरणासाठी मध्ये फट ठेवतात. दुसऱ्या रीतीत वेल्डिंगने एकच अखंड रूळ होतो. संगणकावर यंत्राच्या भागांची परीक्षा घेताना हाच विचार करावा लागतो. पडद्यावर भाग चिकटलेले दिसले म्हणजे ते जोडले गेले असे नव्हे.

एक उदाहरण घेऊ. १० मि.मी. जाडीची तांब्याची पाटी आणि तेवढ्याच जाडीची पोलादाची पाटी एकमेकींना पक्क्या जोडल्या आहेत. तांब्याची बाहेरची बाजू १२० अंश सेल्सिअस, पोलादाची ३० अंश. तांब्याची उष्णतावाहकता ४०० व पोलादाची ५० वॅट प्रति मीटर प्रति अंश धरू. सांध्याचे तापमान किती?

आधी कागदावर करू. पोलाद आठपट कमी वाहक, म्हणून ९० अंशांचा फरक १:८ असा विभागतो. तांब्यात १० अंश, पोलादात ८० अंश. सांधा ११० अंशांवर.

आता संगणकावर तीन प्रकार होतात.

१) भाग नुसते शेजारी ठेवले. सांध्यावर दोन वेगळी पृष्ठे राहतात, जाळीचे बिंदू सामायिक नसतात, उष्णता ओलांडत नाही. तांबे सर्वत्र १२०, पोलाद सर्वत्र ३०.

२) भाग पूर्ण विलीन केले. मधले पृष्ठ पुसले जाते, एकच घन उरतो व त्याला एकच धातू देता येतो. मध्यभागी ७५ अंश येतात. तेही चूक.

३) भाग एकत्र केले, पण मधले पृष्ठ राखले. ते पृष्ठ दोघांचे सामायिक होते, धातू मात्र वेगळे राहतात. उत्तर ११०.

फ्रीकॅड या विनामूल्य प्रणालीत दुसऱ्या प्रकारासाठी 'युनियन' व तिसऱ्यासाठी 'बूलियन फ्रॅगमेंट्स' ही आज्ञा आहे. बूलियन हे नाव गणिती जॉर्ज बूल (१८१५-१८६४) यांच्यावरून आले.

पाट्या जोडलेल्या नसून नुसत्या दाबून ठेवल्या असतील, तर त्या वेगळ्याच ठेवाव्यात आणि स्पर्शाचा नियम स्वतः सांगावा; कारण खडबडीत पृष्ठांमधील हवा उष्णतेला अडवते.

मित्रांनो, तिन्ही वेळा संगणक रंगीत चित्र तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतो. चुकीच्या सांध्याबद्दल तो तक्रार करीलच असे नाही. उद्या तुमच्या आकड्यांवर बॉयलर किंवा पूल उभा राहील, तेव्हा त्याखाली माणसे असतील. म्हणून आमचे सांगणे इतकेच, की प्रत्यक्षातला सांधा कसा आहे हे प्रथम ठरवा, छोटे गणित हाताने सोडवा, आणि मगच संगणकाच्या उत्तरावर विश्वास ठेवा.