निवटी : खाडीच्या चिखलातील बिळात राहणारा मासा

ओहोटी लागली की खाडीकाठच्या मऊ चिखलावर सरपटणारी, मध्येच टुणकन उडी मारणारी आणि चाहूल लागताच बिळात शिरणारी निवटी कोकणातील शेतकऱ्यांना नवी नाही. ती गोबी कुळातील मासा आहे. आपल्याकडे खाल्ल्या जाणाऱ्या निवटीचे शास्त्रीय नाव बोलिओफ्थॅल्मस डस्सुमिएरी. अंग ओले असेपर्यंत ती कातडीतून व तोंडाच्या आतील अस्तरातून हवेतील प्राणवायू घेते. चिखलात वरचेवर लोळते ती अंग ओले ठेवण्यासाठी.

तिचे खाणे म्हणजे चिखलावर वाढणारे डायाटम नावाचे सूक्ष्म शेवाळ. डोके दोन्ही बाजूंना हलवीत ती हा पातळ थर खरवडते. भरतीने ओल मिळते, ओहोटीत ऊन मिळते, म्हणून हे शेवाळ वाढते. चिखल कायमचा पाण्याखाली गेला किंवा कायमचा सुकला, तरी निवटीचे कुरणच संपते.

बिळाची रचना विचार करायला लावणारी आहे. चिखलाच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतो. मग अंडी जगतात कशी? जपानमधील निवटीच्या जातींवर झालेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. बिळात अंड्यांसाठी वेगळी खोली असते. मासा बाहेरची हवा तोंडात भरून आणतो व त्या खोलीत सोडतो. अंडी या हवेत वाढतात. एका जातीत तर पिल्ले निघण्याची वेळ झाली की नर रात्रीच्या भरतीला तीच हवा तोंडाने बाहेर काढून टाकतो आणि खोलीत पाणी भरताच अंडी फुटतात, असे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. फावड्याने बीळ उकरून निवटी काढली, तर मासा एक मिळतो, पण आतली सारी अंडी वाया जातात. त्यापेक्षा ओहोटीच्या वेळी वरच्यावर जाळ्याने धरावी. पोट फुगलेली मादी सोडून द्यावी.

कोळंबीच्या तळ्यासाठी चिखलाचा पट्टा बांध घालून अडविण्याचा विचार असणाऱ्यांनी जपानमधील इसाहाया उपसागराचे उदाहरण पाहावे. शेतजमीन मिळविण्यासाठी व पुरापासून संरक्षणासाठी तेथे सुमारे 7 किलोमीटरचा बांध घालून 14 एप्रिल 1997 रोजी भरतीचे पाणी बंद केले. आतील चिखल सुकून भेगाळला आणि तेथील प्रसिद्ध निवटी, मुत्सुगोरो, त्या भागातून गेली. पुढे मच्छीमार व शेतकरी यांच्यात दरवाजे उघडण्यावरून वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. तैवानमध्ये मात्र निवटीची तळी आहेत. तेथे पाणी उथळ ठेवतात आणि मधून मधून तळे उपसून तळाला ऊन देतात. म्हणजे माणसाने केलेली भरती-ओहोटीच ती.

आपल्याकडे तळ्याची जागा पक्की करण्यापूर्वी कांदळवनाची हद्द तपासून घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 व 2018 च्या आदेशांनुसार कांदळवन तोडण्यास व त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकाम करण्यास बंदी आहे. जुन्या खारबंदिस्तीच्या आतील पडीक जागा असेल तर तिचा विचार आधी करावा.