क्रीमच्या ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचा



“ताई, डाग जाण्याची क्रीम लावली आणि चेहऱ्याला खाजच सुटली,” अशी तक्रार आपल्या वस्त्यांत नेहमी ऐकू येते. कारणे अनेक असतात. त्यातले एक सहसा लक्षात येत नाही, ते म्हणजे सल्फाइट.

सल्फाइट कशासाठी घालतात?
कापलेले सफरचंद हवा लागून तपकिरी पडते. क्रीममधील काही औषधेही तशीच काळवंडतात आणि निकामी होतात. ते टाळण्यासाठी सल्फाइट घालतात. डागांवरच्या हायड्रोक्विनोन क्रीममध्ये आणि केसांच्या कलपात ते बरेचदा सापडते.

त्रास कोणाला होतो?
बहुतेकांना काहीच होत नाही. पण काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी असते. अमेरिकेतील त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली सल्फाइटला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ म्हणून जाहीर केले, ते डॉक्टरांचे लक्ष वेधण्यासाठीच. लाली, खाज, बारीक पुरळ ही लक्षणे बरेचदा एक-दोन दिवसांनी दिसतात. त्यामुळे क्रीमवर संशय येत नाही आणि आपण तीच क्रीम पुन्हा लावतो. दमा असलेल्या काहींना सल्फाइट पोटात किंवा श्वासात गेल्यास दम लागतो.

नाव कसे ओळखाल?
ट्यूबवर सोडियम सल्फाइट, सोडियम बायसल्फाइट किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट असे इंग्रजीत लिहिलेले असते. शेवटी आय-टी-ई असेल तर सल्फाइट. ए-टी-ई असेल तर सल्फेट, म्हणजे शाम्पूला फेस आणणारा वेगळा पदार्थ. ‘सल्फेट फ्री’ लिहिले म्हणजे सल्फाइट नाही, असे समजू नका. घरातील शाळकरी मुलामुलींना वाचायला सांगा.

काय करावे?
• नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूस रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा.
• कलप लावण्याआधी ४८ तास थोडा कानामागे लावून पाहा, दर वेळी.
• खाज किंवा पुरळ आल्यास वापर थांबवा. सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागात ट्यूब सोबत घेऊन जा.
• ओठ-डोळे सुजले किंवा श्वास अडकला तर लगेच १०८ ला फोन करा.

मोठा धोका वेगळाच
मेडिकलमधून गोरेपणासाठी घेतल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड एकत्र असते. त्यातले सल्फाइट काढले तरी ती सुरक्षित होत नाही. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळतो. नंतर कातडी पातळ होते, मुरमे येतात, चेहऱ्यावर केस वाढतात, ऊन सोसत नाही. २०१८ साली सरकारने १४ स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही त्या सर्रास मिळतात. महिनोन्महिने लावत असाल तर डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सल्ल्याने सोडा, कारण एकदम सोडल्यास चेहरा भडकतो.

तथागतांनी कालामांना सांगितले की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. शेजारणीचा सल्ला, दुकानदाराचा शब्द आणि टीव्हीवरची जाहिरात, तिन्हींना हीच कसोटी लावा. सावळा रंग हा आजार नाही. त्याला औषध लागत नाही, आणि तो बदलण्यासाठी लेकीच्या हाती ट्यूब देणेही आपण थांबवले पाहिजे.