हार्ड डिस्क : जोडणी, जुळणी आणि वेग

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हार्ड डिस्कवर लेख लिहावा हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकजण शिष्यवृत्तीचे पैसे साठवून जुना, वापरलेला लॅपटॉप घेतात. तो संथ झाला की दुकानदार सांगेल ते खरे मानतात. "मशीन जुने आहे, याला नवी डिस्क चालायची नाही, दुसरे घ्या," असे माझ्या एका वर्गमित्राला सांगण्यात आले. घरात संगणक आलेली आमची पहिलीच पिढी. खात्री करायची ती कोणाकडे? म्हणून या विषयाची जी माहिती मी वाचून समजावून घेतली, ती येथे देत आहे.

डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या व्यवस्थेला इंटरफेस म्हणतात. आपण तिला जोडणी म्हणू. जोडणीत खाचेचा आकार, दोन्ही बाजूंनी बोलायची भाषा आणि बोलण्याचा वेग अशा तीन गोष्टी येतात. बाजारात बोलताना या तिन्हींची सरमिसळ होते आणि बहुतेक गैरसमज तेथेच जन्म घेतात.

सीगेट कंपनीची १९८० सालची एसटी-५०६ ही डिस्क अवघ्या ५ मेगाबाइटची होती. तिचे नियंत्रण करणारे कार्ड संगणकात वेगळे बसवावे लागे. १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी ही नियंत्रक यंत्रणा डिस्कवरच बसविली. हीच आयडीई पद्धत होय. पुढे एटीए या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले. ४० पिनांची ती रुंद, चपटी, करड्या रंगाची पट्टी जुने संगणक उघडलेल्यांनी पाहिली असेल. एका पट्टीवर दोन डिस्क बसत आणि कोणती मुख्य, कोणती दुय्यम हे एक लहानशी टोपी पिनांवर बसवून ठरवावे लागे.

या पट्टीची एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. वेग सेकंदाला ३३ मेगाबाइटवरून ६६ वर न्यायचा झाला तेव्हा शेजारशेजारच्या तारांतील संकेत एकमेकांत मिसळू लागले. वर्गात दोन बाकांवर एकाच वेळी बोलणे सुरू झाले की मधल्याला काहीच नीट ऐकू येत नाही, तसा हा प्रकार. उपाय म्हणून पट्टीत आणखी ४० तारा घातल्या. या नव्या तारांतून माहिती मुळीच जात नाही. प्रत्येक संकेताच्या तारेशेजारी एक जमिनीची तार यावी, एवढेच त्यांचे काम. टोकाच्या पिना मात्र ४०च राहिल्या. त्यामुळे जुनी पट्टी नव्या डिस्कला सहज बसे, डिस्क चालेही. फक्त संगणक जुनी पट्टी ओळखून वेग ३३ वर आणी. कोठे तक्रार नाही, सूचना नाही! डिस्क चालते आणि ती पूर्ण वेगाने चालते, ही दोन वेगळी विधाने आहेत.

कधी तारा जुळत पण आकडे जुळत नसत. डिस्कवरील जागेचा पत्ता २८ बिटांत लिहिण्याची पद्धत होती. एका जागेत ५१२ बाइट धरले तर असा हिशेब १३७ गिगाबाइटवर संपतो. पत्ता ४८ बिटांचा झाल्यावरच हा अडथळा दूर झाला.

२००३ मध्ये साटा जोडणी आली. तिच्या केबलमध्ये फक्त सात तारा आहेत. त्यांपैकी चार संकेतांच्या व तीन जमिनीच्या. तारा कमी होऊन वेग वाढला कसा? अनेक तारांतून एकाच वेळी निघालेले बिट एकाच वेळी पोहोचले पाहिजेत, आणि वेग वाढेल तसे हे कठीण होत जाते. एकामागून एक पाठविले की ही अडचण उरत नाही. साटाचे आकडे १.५, ३ आणि ६ गिगाबिट असे लिहितात. हे बिट आहेत, बाइट नव्हेत. शिवाय येथे एका बाइटसाठी दहा बिट पाठवावे लागतात. म्हणून प्रत्यक्ष कमाल मर्यादा सेकंदाला १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट अशी येते. दोन टोकांचे वेग भिन्न असतील तर दोघे ठरवून कमी वेगावर येतात. व्हीआयए कंपनीच्या काही जुन्या चिपसेटना ही बोलणी जमत नसत. त्यांच्यासाठी अनेक डिस्कवर वेग १.५ वर अडकविणारी टोपी दिलेली असे.

आता मुख्य मुद्दा. ६ गिगाबिट हा केबलचा आकडा झाला, डिस्कचे काय? मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा खाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. शिवाय दांडा सरकण्याचा वेळ निराळा. साहजिकच विखुरलेले तुकडे वाचताना सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने होतात. सलग वाचनातही अशी डिस्क बहुधा दोन-अडीचशे मेगाबाइटच्या पुढे जात नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? अशा डिस्कसाठी ३ गिगाबिटची जुनी जोडणीही पुरेशी आहे.

एसएसडीत फिरणारे काही नसते. विखुरलेला तुकडा ती मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात काढून देते. माझ्या मित्राच्या लॅपटॉपला ३ गिगाबिटचीच जोडणी आहे. तेथे ६ गिगाबिटची एसएसडी बसविल्यास सलग वाचनाचा वेग साडेपाचशेऐवजी पावणेतीनशेच्या आसपास राहील, हे खरे. परंतु संगणक सुरू होताना सलग वाचन थोडे आणि तुकड्यांचे वाचन फार असते. त्याने ती बसविली. लॅपटॉप सुरू करून चहा प्यायला जाण्याची त्याची सवय आता मोडली आहे.

अलीकडच्या एम.२ खाचेबाबत मात्र दुकानदाराला दोनदा विचारावे. पट्टीसारखी एकच दिसणारी एसएसडी साटा भाषा बोलणारी असते किंवा एनव्हीएमई. एनव्हीएमईचे पहिले प्रमाणपत्रक २०११ चे. ती पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गाने जाते. तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिका मिळाल्या तर तिची मर्यादा सेकंदाला सुमारे ३९०० मेगाबाइट आहे. खाच एकाच भाषेची असेल तर दुसऱ्या भाषेची पट्टी आत बसूनही संगणकाला दिसत नाही. येथे वेग कमी करून भागत नाही, कारण तडजोडीला समान भाषाच नाही. मदरबोर्डची पुस्तिका पाहणे हाच उपाय.

जुन्या आयडीई डिस्क टाकून देऊ नयेत. जुन्या अहवालांच्या, विद्यार्थ्यांनी केलेल्या पाहण्यांच्या फायली त्यांत असू शकतात. आयडीईला यूएसबीत बदलणारा जोड बाजारात मिळतो. साडेतीन इंची डिस्कला वीज मात्र वेगळी द्यावी लागते. यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिट असली, तरी प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइट धरून चालावे. ४० गिगाबाइटची डिस्क सुस्थितीत असेल, तर एवढ्या वेगाने ती अर्ध्या तासाच्या आत उतरवून होते.