जाळ्याचे प्रवेशद्वार आणि त्याचे रक्षण

संस्थेचे कार्यालय एका शहरात आणि तिचे काही कर्मचारी दूरच्या गावी, ही स्थिती आता सर्वत्र आढळते. हिशेब, पत्रव्यवहार व नोंदी कार्यालयातील संगणकांत साठविलेल्या असतात आणि परगावच्या कर्मचाऱ्याला त्या इंटरनेटच्या मार्गानेच पाहाव्या लागतात. परंतु इंटरनेट हा सार्वजनिक रस्ता होय. त्यावरून उघडा नेलेला मजकूर वाटेत वाचला जाऊ शकतो. शिवाय एकासाठी उघडलेले दार इतरांनाही ठोठावता येते. यास्तव दोन उपाय योजण्यात येतात. मजकूर कूटबद्ध करून नेणारा खाजगी मार्ग म्हणजे व्हीपीएन, आणि कोणती वाहतूक आत सोडावी हे ठरविणारी पहाऱ्याची व्यवस्था म्हणजे फायरवॉल. ही दोन्ही कामे करणाऱ्या संगणकास गेटवे, म्हणजेच प्रवेशद्वार, असे म्हणतात.

या कामासाठी अनेक तज्ज्ञ ओपनबीएसडी ही कार्यप्रणाली निवडतात. थिओ द राट यांनी १९९५ साली कॅनडातील कॅलगरी येथे हा प्रकल्प सुरू केला. त्या काळी अमेरिकेत समर्थ कूटलेखनाच्या निर्यातीवर कडक निर्बंध होते. कॅनडात काम चालल्यामुळे ओपनबीएसडीला कूटलेखन आपल्या प्रणालीत प्रारंभापासूनच समाविष्ट करता आले. तिची पूर्वीची फायरवॉल परवान्याच्या वादामुळे २००१ साली काढून टाकावी लागली. तिच्या जागी डॅनिएल हार्टमायर यांनी लिहिलेली ‘पीएफ’ ही फायरवॉल त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रणालीबरोबर प्रसिद्ध झाली. अनावश्यक सेवा मुळातच बंद ठेवणे, हे या प्रणालीचे धोरण आहे. एका जाळ्यातील माहिती दुसऱ्या जाळ्यात पुढे धाडण्याची सोयदेखील आरंभी बंदच असते. गेटवे उभारणाऱ्याने ती जाणूनबुजून सुरू करावी लागते.

इंटरनेटवरील माहिती ‘पॅकेट’ नावाच्या लहान लहान पुडक्यांतून प्रवास करते. प्रत्येक पॅकेट पीएफच्या नियमावलीतून वरून खाली तपासले जाते आणि त्यास लागू पडणारा शेवटचा नियम निर्णायक ठरतो. ‘क्विक’ हा शब्द जोडलेला नियम लागू पडला, तर मात्र तपासणी तेथेच थांबते. एकही नियम लागू पडला नाही तर पॅकेट सोडले जाते. म्हणूनच ‘सर्व काही अडवा’ हा नियम सर्वांत वर लिहावा आणि त्याखाली आवश्यक तेवढेच अपवाद नोंदवावेत. घाईत कोणी ‘सर्व काही सोडा’ अशी ओळ शेवटी लिहिली, तर वरचे अडविणारे नियम व्यर्थ होतात.

खाजगी मार्गासाठी ‘वायरगार्ड’ ही पद्धती ऑक्टोबर २०२० मधील ६.८ या आवृत्तीपासून ओपनबीएसडीच्या गाभ्यातच उपलब्ध झाली. तीत प्रत्येक संगणकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. खाजगी किल्ली ज्याची त्याने आपल्याच संगणकावर तयार करून गुप्त ठेवावयाची असते. केवळ सार्वजनिक किल्ली गेटवेकडे द्यावयाची असते. गेटवेवर त्या किल्लीपुढे तिच्या धारकास दिलेला जाळ्यातील पत्ता नोंदविला जातो. अनोळखी पॅकेट आल्यास वायरगार्ड त्यास उत्तरच देत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्हीपीएन बसविला की संरक्षण पूर्ण झाले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः किल्ली कोणाची आहे, एवढेच वायरगार्ड सांगते. ती ज्याच्या हाती आहे त्याचा हेतू तिला कळत नाही. कर्मचाऱ्याचा संगणक प्रवासात चोरीस गेला आणि चोराला तो उघडता आला, तर किल्ली त्याच्या हाती पडते. खाजगी मार्गाने आलेल्या सर्वांना सर्वत्र संचार करू दिला असेल, तर त्या एका चोरीने सारे कार्यालय उघडे पडेल. यासाठी पीएफचे नियम खाजगी मार्गाच्या आतील टोकालाही लावावेत. प्रत्येक किल्लीला ठराविक पत्ता बांधलेला असल्याने हिशेबनिसाच्या पत्त्याला केवळ हिशेबाच्या संगणकापर्यंत जाण्याची मुभा देता येते. मग चोरीमुळे होणारी हानी मर्यादित राहते. आणि चोरी समजताच गेटवेवरील ती एक सार्वजनिक किल्ली काढून टाकली की तो मार्ग बंद होतो. इतरांच्या कामात खंड पडत नाही.

नियम बदलतानाही सावधगिरी हवी. नियमावली अमलात आणण्यापूर्वी तिची भाषा तपासून देण्याची सोय पीएफमध्ये आहे. परंतु शुद्ध लिहिलेला नियमही चुकीचा असू शकतो. दूरवरून काम करणारा व्यवस्थापक एका ओळीने स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ शकतो. त्यामुळे काही मिनिटांनी जुनी नियमावली आपोआप परत लागू होईल अशी तजवीज आधी करावी, आणि नवे नियम ठीक चालतात अशी खात्री झाल्यावरच ती रद्द करावी.

सारांश, व्हीपीएन येणाऱ्याची ओळख पटवितो आणि फायरवॉल त्याच्या संचाराची मर्यादा ठरविते. या दोहोंपैकी एकावरच विसंबणारे प्रवेशद्वार अर्धेच सुरक्षित असते.